अँटी-चीट गेम उघडू देत नाही? आधी कोण कोणाला अडवतंय ते ओळखा

प्ले दाबलं, अँटी-चीटची (ऑनलाइन गेममधली फसवेगिरी रोखणाऱ्या सॉफ्टवेअरची) छोटी खिडकी आली, पट्टी भरली आणि सगळं गायब. किंवा एक आकडा आणि ‘ओके’चं बटण, बस्स. अशा वेळी बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे गेम काढून पुन्हा डाउनलोड करणं. कृपया ते करू नका. अँटी-चीटची सर्व्हिस आणि ड्रायव्हर बहुतेक वेळा गेमच्या फोल्डरमध्ये नसतातच, ते विंडोजमध्ये वेगळ्या जागी बसलेले असतात. शंभर जीबी पुन्हा उतरवून शेवटी तोच आकडा समोर येतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मी या चक्रातून गेलो आहे आणि नंतर मित्रमंडळींची बरीच मशीन याच कारणासाठी उघडून बसलो आहे. त्यातून एक पक्कं झालं: इथे भांडण नेहमी दोघांचं असतं आणि आधी ते दोघे कोण हे ठरवावं लागतं. मुख्य शक्यता चार आहेत.

- अँटी-चीटचीच फाइल किंवा सर्व्हिस बिघडली आहे.
- विंडोज किंवा अँटीव्हायरस अँटी-चीटला अडवतोय.
- अँटी-चीट तुमच्या मशीनवरच्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरला हरकत घेतंय.
- अँटी-चीटला मशीनची जी अट हवी आहे (सिक्युअर बूट, म्हणजे सही पटलेल्या सॉफ्टवेअरनेच मशीन सुरू होऊ देणारी सोय, किंवा टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या चाव्या सांभाळणारी चिप) ती पूर्ण होत नाही.

चारही वेळा पडद्यावर दिसतं ते सारखंच, म्हणजे गेम उघडत नाही. उपाय मात्र अगदी वेगळे.

एक सूचना: या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत टाका.

हे काम नक्की कसं चालतं

आजची बहुतेक अँटी-चीट तीन तुकड्यांची असतात. गेम उघडणारा लाँचर, मागे चालणारी विंडोज सर्व्हिस आणि कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर. कर्नल म्हणजे विंडोजचा सगळ्यात आतला भाग. तिथे बसलेल्याला मशीनवरचं जवळपास सगळं दिसतं. चीट बनवणारेही तिथेच शिरायला बघतात, म्हणून हे पहारेकरीही तिथेच गेले. स्टीमचं व्हॅक २००२ पासून आहे आणि ते कर्नलमध्ये जात नाही, त्यामुळे त्याच्या तक्रारी सौम्य असतात. ईझी अँटी-चीट (फोर्टनाइट, एपेक्स लेजंड्स, रस्ट, एल्डन रिंग), बॅटलआय (पबजी, रेनबो सिक्स सीज, डेझी), रायटचं व्हॅन्गार्ड (व्हॅलोरंट आणि २०२४ पासून लीग ऑफ लेजंड्स), ईएचं जॅव्हलिन, एनप्रोटेक्ट गेमगार्ड (हेलडायव्हर्स २) ही कर्नलवाली मंडळी.

तुमच्या गेमला यातलं कोणतं लागतं हे स्टीमच्या दुकानात गेमच्या पानावर लिहिलेलं असतं. नाहीतर गेमच्या फोल्डरमध्ये त्याच नावाचं उपफोल्डर सापडतं.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- ॲडमिनिस्ट्रेटर अधिकार असलेलं खातं.
- मोबाइल. त्रुटीचा मेसेज आणि बायोसचे (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जचे) पडदे फोटो काढून ठेवायला याला तोड नाही.
- बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या डिव्हाइसेस विभागात मिळते. ती कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर उतरवून ठेवा, त्याच मशीनवर नाही.
- मदरबोर्डचं नेमकं मॉडेल. रनमध्ये (विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत) ‘एमएसइन्फो३२’ टाकलं की दिसतं.
- एक साधी वही किंवा नोटपॅड. काय बदललं ते ओळीओळीने लिहा. शेवटी ते परत फिरवायचं आहे.

आणि एकच नियम: एका वेळी एकच बदल, मग रीस्टार्ट, मग गेम. पाच गोष्टी एकदम बदलून गेम चालला तर कशामुळे चालला ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून.

१. मेसेज जसाच्या तसा उतरवा

‘काहीतरी एरर येतोय’ यावरून जगात कोणीच मदत करू शकत नाही. आकडा लागतो. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआयच्या मेसेजमध्ये बऱ्याचदा दोन आकडे असतात: एक त्यांचा स्वतःचा आणि शेवटी विंडोजचा. उदाहरणार्थ ‘३०००५, क्रिएटफाइल फेल्ड विथ ३२’. यातला ३२ हा विंडोजचा आकडा आणि खरी गोष्ट तोच सांगतो.

विंडोजच्या आकड्याचा अर्थ विंडोजच सांगतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘नेट’, मग स्पेस, मग ‘हेल्पएमएसजी’ (शेवटची तीन अक्षरं एम, एस, जी), मग स्पेस आणि तो आकडा टाका. नेहमी भेटणारे हे:

- ५: परवानगी नाकारली.
- ३२: फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली आहे.
- ५७७: फाइलची डिजिटल सही पटत नाही.
- १०५८: सर्व्हिस बंद करून ठेवली आहे.
- १०७२: सर्व्हिस काढून टाकण्याच्या खुणेत अडकली आहे. साधा रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा सुटते.
- १२७५: विंडोजने ड्रायव्हर लोड होऊच दिला नाही.

५, ३२, १०५८, १०७२ आले तर पायरी २. ५७७ किंवा १२७५ आला तर थेट पायरी ३. मेसेजमध्ये एखाद्या फाइलचं नाव असेल, किंवा ‘फॉरबिडन टूल’, ‘अनट्रस्टेड’, ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ असे शब्द असतील, तर पायरी ४. त्यातही ते नाव विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या फाइलीचं असेल तर आधी पायरी ३. व्हॅन्गार्डचे ‘व्हॅन’ने सुरू होणारे आकडे त्याचे स्वतःचे आहेत, त्यांना वरची युक्ती चालत नाही. ९००१ आणि ९००३ म्हणजे सरळ पायरी ५.

मेसेजच येत नसेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्समधल्या सिस्टममध्ये, गेम उघडायचा प्रयत्न केला त्या मिनिटाची नोंद शोधा. ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ची ७००० क्रमांकाची नोंद म्हणजे सर्व्हिस सुरूच झाली नाही. कोणती, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

२. अँटी-चीटची दुरुस्ती, गेमची नाही

स्टीमवर गेमवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि व्हेरिफाय. इतर लाँचरमध्येही असाच पर्याय असतो. पण यात एक मेख आहे. व्हेरिफाय फक्त हरवलेल्या आणि बिघडलेल्या फाइली परत आणतं, तुम्ही जास्तीच्या टाकलेल्या फाइली काढत नाही. कधीकाळी रीशेड (गेमचं चित्र बदलणारं साधन) किंवा मॉड लोडर (गेममध्ये बाहेरचे बदल भरणारा प्रोग्राम) बसवला असेल तर त्याच्या ‘डीएक्सजीआय’ किंवा ‘डीइनपुट८’ नावाच्या डीएलएल फाइली गेमच्या एक्झी फाइलीशेजारी तशाच बसून राहतात. व्हेरिफाय म्हणतं सगळं ठीक, अँटी-चीट म्हणतं नाही. त्या हाताने काढा.

मग ज्याचं त्याचं:

ईझी अँटी-चीट: गेमच्या फोल्डरमधल्या ईझीअँटीचीट उपफोल्डरमध्ये सेटअप फाइल असते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, यादीतून गेम निवडा, ‘रिपेअर सर्व्हिस’ दाबा. काही नव्या गेममध्ये ही यादी येत नाही. तिथे व्हेरिफाय केल्यावर लाँचरच पुन्हा बसवतो. ३०००५ आणि ३२ ची जोडी आली असेल तर आधी मशीन रीस्टार्ट करा. तरीही येत असेल तर प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मधल्या ईझीअँटीचीट फोल्डरातली ‘सिस’ शेवट असलेली फाइल काढा आणि गेम उघडा, ती नव्याने तयार होते.

बॅटलआय: अनेक गेमच्या बॅटलआय उपफोल्डरमध्ये अनइन्स्टॉल आणि इन्स्टॉल अशा दोन बॅच फाइली असतात. दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, याच क्रमाने. त्या नसतील तर प्रोग्राम फाइल्स एक्स८६, कॉमन फाइल्स इथला बॅटलआय फोल्डर काढून गेम उघडा.

व्हॅन्गार्ड: सेटिंग्जमधल्या ॲप्स यादीतून रायट व्हॅन्गार्ड काढा, रीस्टार्ट, रायटचा लाँचर उघडा, तो पुन्हा बसवेल, पुन्हा रीस्टार्ट. हे दोन रीस्टार्ट टाळता येत नाहीत, कारण याचा ड्रायव्हर मशीन चालू होतानाच लोड होतो. घड्याळाजवळच्या चिन्हावरून तुम्ही तो बंद केला असेल, तर मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत गेम उघडणारच नाही. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे.

गेमगार्ड: गेमच्या फोल्डरमधला गेमगार्ड उपफोल्डर काढा आणि व्हेरिफाय करा.

व्हॅक: स्टीमच्या बिन फोल्डरमधून ‘स्टीमसर्व्हिस’ ही फाइल ‘स्लॅश रिपेअर’ जोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा.

१०५८ असेल तर रनमध्ये ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ उघडून अँटी-चीटची सर्व्हिस ‘डिसेबल्ड’वरून ‘मॅन्युअल’वर आणा. ‘पीसी फास्ट करा’ छापाची साफसफाईची सॉफ्टवेअरं या सर्व्हिस बंद करून ठेवतात, हे मी बऱ्याच मशीनवर पाहिलं आहे. अशा सॉफ्टवेअरचा फायदा मला आजवर एकदाही दिसलेला नाही.

३. विंडोजच अडवत असेल तर

डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘टेस्ट मोड’ असं लिहिलंय का बघा. असेल तर विंडोज सही नसलेले ड्रायव्हर चालवायला तयार आहे असा त्याचा अर्थ, आणि कोणतंही गंभीर अँटी-चीट अशा मशीनवर काम करायला तयार होत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीएडिट’, स्पेस, ‘स्लॅश सेट’, स्पेस, ‘टेस्टसायनिंग’, स्पेस, ‘ऑफ’. मग रीस्टार्ट.

त्यानंतर विंडोजच्या फाइली तपासा. आधी ‘डिसम’, स्पेस, ‘स्लॅश ऑनलाइन’, स्पेस, ‘स्लॅश क्लीनअप-इमेज’, स्पेस, ‘स्लॅश रिस्टोअरहेल्थ’, आणि ते पूर्ण झाल्यावर ‘एसएफसी’, स्पेस, ‘स्लॅश स्कॅननाऊ’. सिस्टम३२ मधल्या फाइलीवर ‘अनट्रस्टेड सिस्टम फाइल’ अशी तक्रार येत असेल तर हाच तिचा इलाज. ती डीएलएल इंटरनेटवरच्या कुठल्यातरी ‘फ्री डीएलएल’ साइटवरून आणून टाकू नका. गेम तर चालत नाहीच, वर मशीनवर काय आलं ते कळत नाही.

अँटीव्हायरसमध्ये प्रोटेक्शन हिस्ट्री किंवा क्वारंटाइन उघडून अँटी-चीटची फाइल तिथे पडली आहे का पाहा. असेल तर परत आणा आणि गेमचा व अँटी-चीटचा फोल्डर अपवादांत घाला. अँटीव्हायरस कायमचा बंद करून ठेवा असा सल्ला जागोजागी मिळतो. तो आळशी सल्ला आहे.

आता मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे कर्नलमध्ये शिरणारा कोड तपासणारी विंडोजची सोय. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन असं गेलं की हा स्विच दिसतो. ‘हा बंद करा, गेम चालेल’ असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. निदान म्हणून एकदा बंद करून बघायला हरकत नाही. पण आजची मोठी अँटी-चीट हा स्विच चालू असतानाही चालतात आणि काहींना तो चालूच हवा असतो. बंद केल्यावर गेम चालला, तर जुनी आवृत्ती पडून आहे असं समजून पायरी २ नीट करा. स्विच बंद ठेवून देऊ नका.

विंडोज एवढं कडक का झालं, यालाही गेमिंगचाच थोडा इतिहास आहे. २०१६ साली स्ट्रीट फायटर ५ सोबत आलेल्या ड्रायव्हरमध्ये अशी फट होती की कोणताही प्रोग्राम त्यातून कर्नलमध्ये शिरू शकत होता. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटी-चीटचाच ड्रायव्हर वापरून रॅन्समवेअरवाल्यांनी अँटीव्हायरस बंद पाडले. असे ड्रायव्हर अडवणारी मायक्रोसॉफ्टची यादी विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून आपोआप चालू असते. १२७५ आला की या यादीची आठवण ठेवा.

४. अँटी-चीटला तुमचं एखादं सॉफ्टवेअर खुपत असेल तर

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण मेसेज क्वचितच नाव घेतो.

सोपे संशयित आधी. डिस्कॉर्डचा ओव्हरले, ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरचा ओव्हरले, रिवाट्यूनर (गेमवर वेगाचे आकडे दाखवणारं साधन). हे सगळे गेमच्या चित्रावर स्वतःचं काही रंगवण्यासाठी गेममध्ये शिरतात आणि चीटही नेमकं तेच करतं. एकेक बंद करून बघा. चीट इंजिन, प्रोसेस हॅकर, डीबगर, ऑटोहॉटकीच्या स्क्रिप्ट: तुम्ही हे कामासाठी वापरत असाल, पण अँटी-चीटला तुमचा हेतू कळत नाही. गेम खेळताना पूर्ण बंद. चीट इंजिन नुसतं उघडं असण्याचा धोका तर घेऊच नका, काही गेममध्ये तेवढ्यावरून खात्यावर कारवाई होऊ शकते.

अवघड संशयित म्हणजे ड्रायव्हर. आरजीबी दिव्यांची, पंख्यांची, तापमान दाखवणारी सॉफ्टवेअरं हार्डवेअरशी बोलायला स्वतःचा छोटा ड्रायव्हर बसवतात. यातल्या बऱ्याच जणांनी ‘विनरिंग०’ नावाचा एकच जुना, फट असलेला ड्रायव्हर उचलला होता. २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने त्याला धोकादायक ठरवून पकडायला सुरुवात केली आणि अनेकांचे पंखे सांभाळणारे प्रोग्राम अचानक बंद पडले. अँटी-चीटचा अशा ड्रायव्हरवर राग त्याआधीपासूनच आहे.

मेख अशी की प्रोग्राम बंद केला तरी ड्रायव्हर लोड राहू शकतो. कधी प्रोग्राम काढून टाकल्यावरही मागे राहतो. म्हणून ‘मी तर सगळं बंद केलंय’ हे पुरेसं नाही. एमएसइन्फो३२ मध्ये सॉफ्टवेअर एन्व्हायर्नमेंट, मग सिस्टम ड्रायव्हर्स उघडा. ‘स्टेट’च्या रकान्यात ‘रनिंग’ असलेले आणि फाइलचा पत्ता विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरबाहेरचा असलेले आधी बघा. खुद्द ड्रायव्हर्स फोल्डरातही अनोळखी नावं असतात. फाइलवर राइट-क्लिक करून डिजिटल सिग्नेचर्समध्ये कंपनीचं नाव वाचा. कोअर आयसोलेशनच्या पानावर न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी येत असेल तर तीही बघा, अर्धं काम तिथेच होतं.

सापडला की फाइल उडवू नका. ज्या सॉफ्टवेअरचा तो आहे ते आधी अपडेट करा, नाही जमलं तर रीतसर अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट. चालू असलेला ड्रायव्हर हाताने डिलीट करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पुढच्या वेळी विंडोजच उघडलं नाही तर गेमचा प्रश्नच मिटला.

कंट्रोलरचं रूपांतर करणारी आभासी उपकरणं आणि कीबोर्ड-माऊसच्या मधे बसणारे ड्रायव्हर याच रांगेत येतात. एका गेमला चालतात, दुसऱ्याला नाही.

काहीच सापडत नसेल तर क्लीन बूट. रनमध्ये ‘एमएसकॉन्फिग’, सर्व्हिसेस, ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण, मग उरलेल्यांवरच्या खुणा काढा. इथे दोन सापळे. पहिला: त्या यादीत अँटी-चीटची स्वतःची सर्व्हिसही असते. ‘डिसेबल ऑल’ दाबलं की तीही बंद, आणि मग गेम न चालण्याचं नवं कारण तुम्हीच तयार केलेलं असतं. ‘व्हीजीसी’, ईझीअँटीचीट, ‘बीईसर्व्हिस’ यांची खूण राहू द्या. दुसरा: ही यादी सर्व्हिसची आहे, कर्नल ड्रायव्हरची नाही. क्लीन बूटमध्येही गेम चालला नाही तर ‘म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

क्लीन बूटमध्ये चालला तर अर्ध्या सर्व्हिस चालू करा, रीस्टार्ट, बघा. बिघडलं तर दोषी या अर्ध्यात, नाहीतर त्या. असं अर्धं-अर्धं करत गेलं की लवकर नावापर्यंत पोचता. एकेक करत बसलात तर रात्र जाईल.

५. सिक्युअर बूट आणि टीपीएम

व्हॅलोरंट विंडोज ११ वर या दोन्ही गोष्टी मागतो. २०२५ मध्ये बॅटलफिल्ड ६ आणि कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स ७ नेही दोन्ही मागितल्या. त्यामुळे हा प्रश्न आता एका गेमपुरता राहिलेला नाही.

आधी फक्त पाहा. एमएसइन्फो३२ च्या पहिल्याच पानावर ‘बायोस मोड’ आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’. रनमध्ये ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाकलं की आवृत्ती दिसते, ती २.० हवी. टीपीएम दिसतच नसेल तर बहुधा बायोसमध्ये बंद आहे. इंटेलवर तो ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने असतो.

बायोस मोड ‘यूईएफआय’ असेल तर काम सोपं आहे: बिटलॉकर तात्पुरता थांबवा, बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू. बायोस ‘एनेबल्ड’ म्हणतो आणि विंडोज ‘ऑफ’ म्हणतं असं झालं, तर सिक्युअर बूटच्या चाव्या भरलेल्या नसतात. ‘फॅक्टरी कीज’ किंवा ‘डिफॉल्ट कीज’ बसवण्याचा पर्याय निवडा.

बायोस मोड ‘लेगसी’ असेल तर थांबा. तुमची डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या मांडणीची आहे आणि आधी ती जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागेल. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन आहे. डेटाची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग ‘स्लॅश व्हॅलिडेट’, स्पेस, ‘स्लॅश अलाउफुलओएस’ असं जोडून तपासणी करा, ती पास झाली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम बंद. क्रम उलटा केला तर विंडोज उघडणार नाही. घाबरू नका, सीएसएम परत चालू केला की उघडेल. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदाच काळा राहू शकतो, हेही माहीत असू द्या.

टीपीएम ‘क्लिअर’ करण्याचा पर्याय दिसेल. त्याला हात लावू नका. बायोस अपडेटनंतर एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम रीसेट करायचा का असा प्रश्न येतो. बिटलॉकरची की हाताशी नसेल तर उत्तर ‘एन’.

लिनक्स शेजारी बसवलेलं असेल तर सिक्युअर बूट चालू केल्यावर ते उघडतं का हे लगेच तपासा. आणि लिनक्सवरूनच खेळायचं असेल तर: ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या साधनावर) चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच. एपेक्सने ती २०२४ मध्ये काढून घेतली. व्हॅन्गार्ड लिनक्सवर चालत नाही. तुमच्या बाजूने यावर काही इलाज नाही.

६. तरीही नाही? रॅम आणि आवृत्ती

ओव्हरक्लॉक (प्रोसेसर वगैरेचा वाढवलेला वेग) आणि रॅमचं एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) काढून मूळ वेगावर एकदा बघा. रॅममधला एक बिट चुकला तरी अँटी-चीटला ‘मेमरी कोणीतरी बदलली’ असंच दिसतं. रनमध्ये ‘एमडीशेड’ (अक्षरं एम, डी, एस, सी, एच, ई, डी) टाकून विंडोजची रॅम चाचणीही करून घ्या.

गेम उघडताच निळा पडदा आणि ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं येत असेल, तर जुनं ईझी अँटी-चीट तपासा. एप्रिल २०२४ पूर्वीच्या आवृत्त्या इंटेलच्या अल्डर लेक (बाराव्या पिढीचे प्रोसेसर) आणि पुढच्या व्हीप्रो मशीनवर (व्हीप्रो ही इंटेलची ऑफिसांसाठीची सोय) विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटशी भांडतात. मायक्रोसॉफ्टने अशा मशीनसाठी ते अपडेट काही काळ रोखूनही धरलं होतं. गेम ताज्या आवृत्तीवर अपडेट करून एकदा उघडला की त्याच्यासोबत नवं ईझी अँटी-चीट येतं.

७. सपोर्टला लिहिताना

गेमच्या अधिकृत सपोर्टलाच लिहा. ‘एका क्लिकमध्ये अँटी-चीट फिक्स’ देणारी साधनं आणि ‘बायपास’ हे शब्द दिसले की खिडकी बंद करा. पहिलं बहुतेकदा मालवेअर असतं, दुसऱ्याने खातं जातं.

तिकिटात हे जोडा: मेसेजचा फोटो, ‘डीएक्सडायग’चा जतन केलेला अहवाल, एमएसइन्फो३२ मधून निर्यात केलेली फाइल, अँटी-चीटची लॉग फाइल (ईझी अँटी-चीटची ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये त्याच्याच नावाच्या फोल्डरात असते) आणि तुमच्या वहीतली यादी, काय केलं आणि त्याने काय बदललं. ही यादी नसेल तर पहिलं उत्तर ‘कृपया गेम पुन्हा इन्स्टॉल करा’ असंच येईल.

८. गेम चालल्यावर

वही उघडा आणि उलट्या क्रमाने जा. मेमरी इंटिग्रिटी चालू, अँटीव्हायरस चालू, एमएसकॉन्फिग ‘नॉर्मल स्टार्टअप’वर, बिटलॉकर पुन्हा सुरू. अपवादांत घातलेल्या फोल्डरपैकी गेमचा आणि अँटी-चीटचा सोडून बाकीचे काढा. प्रत्येक गोष्ट परत केल्यावर गेम एकदा उघडून बघा. मधेच बंद पडला, तर खरा दोषी तोच.